युद्धोत्तर 'डिस्पोजल' रेडिओ आणि त्यांचा वीजपुरवठा : तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बिनतारी संदेशवहनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः प्रक्षेपक, ग्राहकयंत्रे, वारंवारतांचे वाटप आणि परवान्यांविषयीचे कायदे यांवर केंद्रित झालेले असते. यंत्राला वीज कोठून व कशी मिळत होती, हा प्रश्न गौण मानला जातो. तो अभियंत्यांचा प्रश्न आहे, इतिहासकारांचा नव्हे, असाही एक समज त्यामागे असावा. प्रस्तुत लेखात हाच गौण प्रश्न मध्यवर्ती धरला आहे. युद्ध संपल्यावर विमानांतून व रणगाड्यांतून काढलेली लक्षावधी रेडिओयंत्रे नागरी बाजारात आली. ती घरात चालावीत यासाठी त्यांना नवा वीजपुरवठा जोडावा लागला. या जोडणीत यंत्राचे स्वरूप बदलले, त्याचा मूळ अर्थही काही अंशी पुसला गेला, आणि त्याच वेळी हजारो सामान्य माणसे इलेक्ट्रॉनिक्स शिकली. या तिन्ही गोष्टी एकाच लोखंडी पेटीवर वाचता येतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त अगदी साधे होते. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागातील निरुपयोगी साहित्याच्या निर्लेखनासाठी नेमलेल्या समितीत लेखकाचा समावेश होता. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये 'रेडिओ, मिलिटरी, जुना, नग १' अशी एक नोंद होती. कपाटाच्या तळाशी, पितळी तराजूंच्या मागे, ती वस्तू सापडली. ॲल्युमिनियमची लांबट पेटी, पुढच्या बाजूला छोटीशी तबकडी आणि पट्टीवर 'बीसी-४५५' व 'सिग्नल कोअर, यू. एस. आर्मी' ही अक्षरे. पेटीच्या मागच्या भागावर मात्र मूळ यंत्राशी मुळीच न जुळणारा एक जड ट्रान्सफॉर्मर स्क्रूने बसवलेला होता. समितीतील एका सदस्याचे म्हणणे असे की ही 'मोडतोड केलेली' वस्तू आहे, सबब तिचे ऐतिहासिक मूल्य शून्य. या विधानाचा विचार करता करता पुढील मजकूर आकारास आला.

विमानातील वीज आणि डायनामोटर

युद्धकाळातील अमेरिकी लष्करी विमानांत साधारणपणे २४ व्होल्टची शिसे-आम्ल विद्युत् घटमाला असे. इंजिनावर चालणारे जनित्र तिला सुमारे २८ व्होल्ट दाबाने भारित ठेवी. विमानातील दिवे, पंप, बंदुकांचे मनोरे आणि रेडिओ ही सर्व यंत्रणा याच एकदिश प्रवाहावर चालत असे. परंतु त्या काळातील रेडिओ व्हॉल्व्हवर आधारलेला होता, आणि व्हॉल्व्हच्या गरजा दोन प्रकारच्या असतात. त्याचा तापक कमी दाबावर, म्हणजे ६.३ किंवा १२.६ व्होल्टवर तापतो. त्याच्या पट्टिकेला मात्र दोनशे-अडीचशे व्होल्टचा उच्च एकदिश दाब लागतो. प्रक्षेपकाला तर याहूनही अधिक. प्रत्यावर्ती प्रवाह असता तर ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवता आला असता. एकदिश प्रवाहावर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, आणि सारी अडचण तेथेच आहे.

यावर काढलेला उपाय म्हणजे डायनामोटर. एकाच आर्मेचरवर दोन वेगवेगळी वेटोळी, दोन्ही टोकांना स्वतंत्र दिक्परिवर्तक आणि भोवती एकच चुंबकीय क्षेत्र, अशी त्याची रचना असते. एका वेटोळ्याला २८ व्होल्ट दिले की आर्मेचर मोटरीप्रमाणे फिरू लागते, आणि दुसऱ्या वेटोळ्यातून जनित्राप्रमाणे उच्च दाब मिळतो. ब्रिटिश अभियंते याच प्रकारच्या यंत्राला 'रोटरी ट्रान्सफॉर्मर' म्हणत. हे नाव काहीसे फसवे असले, तरी काम नेमके सांगणारे आहे.

उदाहरण म्हणून अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाचा एससीआर-२७४-एन हा संच पाहता येईल. वैमानिकांच्या भाषेत हे 'कमांड सेट'. यात लहान लहान स्वतंत्र ग्राहकयंत्रे एका चौकटीत शेजारी शेजारी बसवलेली असत. बीसी-४५३ हे १९० ते ५५० किलोसायकल, बीसी-४५४ हे ३ ते ६ मेगॅसायकल आणि बीसी-४५५ हे ६ ते ९.१ मेगॅसायकल असे त्यांचे पल्ले होते. प्रत्येक ग्राहकयंत्राच्या पाठीवर डीएम-३२ जातीचा मुठीएवढा डायनामोटर बसे. तो २८ व्होल्टवर सुमारे १.१ अँपिअर प्रवाह घेई आणि २५० व्होल्टवर ६० मिलिअँपिअर देई. हिशेब केला तर सुमारे ३१ वॉट आत जातात आणि १५ वॉट बाहेर पडतात. निम्मी शक्ती उष्णता, घर्षण आणि आवाज यांत जाते. हजारो अश्वशक्तीच्या इंजिनांना या पंधरा वॉटांची क्षिती नव्हती. डायनामोटरची किणकिणही त्या इंजिनांच्या गर्जनेत कोणाला ऐकू येत नसे.

तापकांची मांडणीही या २८ व्होल्टांना अनुसरूनच केलेली होती. कमांड सेटच्या ग्राहकयंत्रात १२.६ व्होल्टचे सहा व्हॉल्व्ह असत. दोन-दोन व्हॉल्व्हचे तापक एकसरीत जोडून अशा तीन जोड्या समांतर लावलेल्या होत्या. दोन तापकांचे मिळून २५.२ व्होल्ट होतात, आणि विमानाच्या पुरवठ्याशी ते पुरेसे जुळतात. म्हणजे यंत्राच्या अंतर्गत तारांमध्येच विमानाची घटमाला जणू कोरलेली होती. पुढे या यंत्राला घरात आणताना नेमका हाच कोरीव भाग उकलावा लागला.

रणगाड्याची कथा याहून थोडी निराळी आहे. केंब्रिजच्या पाय कंपनीने आखलेला आणि १९४१ पासून वापरात आलेला ब्रिटिश 'वायरलेस सेट नंबर १९' हा १२ किंवा २४ व्होल्टच्या घटमालेवर चाले. त्याचा पुरवठा-संच वेगळ्या पेटीत असे आणि त्यातून दोन उच्च दाब मिळत. एक सुमारे २७० व्होल्टचा, ग्राहक-भागासाठी, आणि दुसरा सुमारे ५०० व्होल्टचा, प्रक्षेपकाच्या अंतिम व्हॉल्व्हसाठी. कॅनडात तयार झालेल्या बऱ्याच संचांवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेही आढळतात, कारण ते सोव्हिएत सैन्याला पाठवण्यासाठी बनवले होते. त्यांतील कित्येक तेथे पोहोचलेच नाहीत आणि युद्धानंतर पश्चिमेकडील बाजारांत विकले गेले. युतीच्या राजकारणाचा असा पुरावा एखाद्या तहनाम्यातही क्वचितच सापडेल.

बाजार

अमेरिकेत अतिरिक्त लष्करी मालमत्तेच्या विक्रीची तरतूद युद्ध चालू असतानाच, १९४४ च्या कायद्याने झाली होती. १९४६ मध्ये त्यासाठी 'वॉर ॲसेट्स ॲडमिनिस्ट्रेशन' ही यंत्रणा उभी राहिली. न्यूयॉर्कच्या कॉर्टलँट स्ट्रीट परिसरातील 'रेडिओ रो' आणि लंडनच्या सोहो भागातील लाइल स्ट्रीट ही या मालाची प्रसिद्ध ठिकाणे. पदपथावर मांडलेल्या लाकडी खोक्यांत मोहोरबंद, न वापरलेली यंत्रे पडलेली असत. सरकारने ज्यासाठी मोठी रक्कम मोजली होती ते ग्राहकयंत्र विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशा किमतीत मिळू लागले. यांतील 'रेडिओ रो' हा भाग १९६६ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उभारणीसाठी पाडण्यात आला.

ग्राहक कोण होते, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांचे प्रक्षेपण डिसेंबर १९४१ मध्ये बंद करण्यात आले होते आणि नोव्हेंबर १९४५ पासून ते टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाले. ब्रिटनमध्ये परवाने १९४६ च्या आरंभी पुन्हा मिळू लागले. चार ते सहा वर्षे मूक राहिलेला हा समाज होता. त्यात लष्करी संदेशवहनाचे प्रशिक्षण घेऊन परतलेल्या तरुणांची मोठी भर पडली होती. यंत्रे त्यांच्या परिचयाची होती. अपरिचित होते ते एवढेच की घरात २८ व्होल्टचा स्रोत नव्हता.

डायनामोटरच का वापरला नाही, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. याची कारणे व्यावहारिक होती. पहिले म्हणजे त्या काळच्या अमेरिकी मोटारींत ६ व्होल्टची बॅटरी असे. १२ व्होल्टची पद्धत १९५० च्या दशकाच्या मध्यास रूढ झाली. त्यामुळे २८ व्होल्टचा डायनामोटर मोटारीतही निरुपयोगी होता. दुसरे म्हणजे शांत खोलीत त्याची किणकिण असह्य होई, आणि दिक्परिवर्तकावरील ठिणग्यांमुळे श्रवणयंत्रात खरखर येई. तिसरे कारण अर्थातच हे की शहरी घराच्या भिंतीत प्रत्यावर्ती प्रवाह आयता उपलब्ध होता. म्हणून डायनामोटर काढून टाकणे ही रूपांतराची पहिली पायरी ठरली. खेळण्यांच्या मोटरी आणि तांब्याची तार यांसाठी ते वापरले गेले आणि बहुतेक भंगारात गेले.

जोडणीची रीत

या रूपांतराविषयी मासिकांतून आणि स्वतंत्र पुस्तिकांतून विपुल मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. त्याचा सारांश देण्यापेक्षा एका यंत्राची जोडणी प्रत्यक्ष कशी होत असे, हे सांगणे अधिक उपयुक्त ठरेल. त्यासाठी वर उल्लेखिलेले बीसी-४५५ हेच उदाहरण घेऊ.

डायनामोटर उचलून काढला की पेटीच्या पाठीवर तीन टोकांची एक खोबण उघडी पडते. एका टोकाला २८ व्होल्ट, दुसऱ्याला उच्च दाब आणि तिसरे टोक चासीला जोडलेले. ज्याला सोपा मार्ग हवा असे तो २४-२५ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर मिळवी आणि तापकांना हात लावत नसे, कारण तापकाला प्रवाह एकदिश आहे की प्रत्यावर्ती याच्याशी काही कर्तव्य नसते. परंतु असा ट्रान्सफॉर्मर बाजारात सहज मिळत नसे. घरगुती रेडिओसाठी बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरला ६.३ व्होल्टचे वेटोळे असे. अशी दोन वेटोळी योग्य दिशेने एकसरीत जोडली तर १२.६ व्होल्ट मिळतात. दिशा चुकली तर शून्य मिळते, आणि नवशिक्या माणूस व्हॉल्व्ह का पेटत नाहीत म्हणून रात्रभर शोधत बसतो. १२.६ व्होल्टवर चालवायचे तर जोड्या सोडवून सहाही तापक समांतर जोडावे लागत. एका तापकाला ०.१५ अँपिअर, म्हणजे सहांना मिळून ०.९ अँपिअर. अरुंद चासीच्या पोटात, मेण लावलेल्या तारांच्या जुडग्यातून नेमकी तार शोधून ती तोडायची आणि नवी डाखायची. या कामात हात भाजतो आणि नजर तयार होते.

उच्च दाबासाठी ट्रान्सफॉर्मरची २५०-०-२५० व्होल्टची दुय्यम वेटोळी, ५वाय३ किंवा तत्सम एकदिशकारक व्हॉल्व्ह, एक लोखंडी गाभ्याचा चोक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, अशी सर्वसामान्य मांडणी असे. यात एक खोच आहे. ५वाय३ चा ज्वलनतंतू थेट तापतो, त्यामुळे तो काही क्षणांत काम करू लागतो. ग्राहकयंत्रातील अप्रत्यक्ष तापणारे व्हॉल्व्ह मात्र तयार व्हायला वेळ घेतात. मधल्या काळात प्रवाह घेणारे कोणीच नसते आणि कंडेन्सरवरील दाब २५० च्या जवळजवळ दीडपट, म्हणजे ३५० व्होल्टच्या पुढे जातो. २५० व्होल्ट लिहिलेला कंडेन्सर वापरणाऱ्याला हे गणित स्फोटाच्या आवाजाने समजे. यंत्र बंद केल्यावरही हा भार कंडेन्सरमध्ये टिकून राहतो. तो निचरावा म्हणून समांतर प्रतिरोधक जोडावा, हा सल्ला मार्गदर्शनात पुन्हा पुन्हा येतो. एखादी सूचना जेव्हा वारंवार द्यावी लागते, तेव्हा ती पाळली जात नव्हती असे अनुमान इतिहासकाराने काढण्यास हरकत नसावी.

याहून धोक्याचा मार्ग म्हणजे ट्रान्सफॉर्मर वगळण्याचा. सहाही तापक एकसरीत जोडले की ७५.६ व्होल्ट होतात. अमेरिकेतील ११५ व्होल्टच्या घरगुती विजेवर उरलेले ३९.४ व्होल्ट सुमारे २६० ओहमच्या प्रतिरोधकात जिरवले की काम भागे. खर्च जवळजवळ नाही. मात्र यात चासीचा संबंध थेट विजेच्या खांबावरील तारेशी येतो, आणि प्लग उलटा बसला की धातूची सगळी पेटी जिवंत होते. विमानातील पेटी उघड्या ॲल्युमिनियमची होती, कारण तेथे २८ व्होल्टपासून माणसाला भय नव्हते. तीच उघडी पेटी घरात, ओलसर फरशीवर, प्राणघातक ठरू शकत होती. भारतासारख्या २३० व्होल्टच्या देशात हीच युक्ती केल्यास प्रतिरोधक सुमारे १,०३० ओहमचा लागतो, त्यात २३ वॉट निव्वळ उष्णतेत जातात आणि धक्क्याची तीव्रता अर्थातच वाढते.

ब्रिटिश यंत्रांच्या बाबतीत वेगळ्याच अडचणी होत्या. लँकेस्टर बॉम्बफेकी विमानातील आर ११५५ हे ग्राहकयंत्र ब्रिटनमधील हौशी मंडळींचे आवडते. त्याला ६.३ व्होल्ट आणि सुमारे २२० व्होल्ट उच्च दाब पुरे होता, त्यामुळे ते सोपे वाटे. परंतु त्याच्या उच्च दाबाचे ऋण टोक चासीला जोडलेले नसते. ते आणि चासी यांमधील प्रतिरोधकांवर जो दाब पडतो, त्यातूनच व्हॉल्व्हच्या जाळीला ऋण दाब मिळतो. सवयीने ऋण टोक चासीला जोडणाऱ्याचे यंत्र चाले खरे, पण बिघडलेल्या स्वरूपात, आणि दोष कोठे आहे हे कळत नसे. मूळ यंत्रकाराचा विचार न वाचता केलेल्या दुरुस्तीचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

विमानातील सर्वच साहित्य एकदिश प्रवाहावर चालणारे नव्हते. रडार व तत्सम उपकरणांसाठी ४०० सायकल किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह विमानात निर्माण केला जाई, कारण उच्च वारंवारतेला ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा लहान पुरतो आणि वजन वाचते. असा ट्रान्सफॉर्मर ५० किंवा ६० सायकलच्या घरगुती विजेला जोडला तर त्याचा गाभा संपृक्त होतो आणि वेटोळे जळते. पट्टीवर '११५ व्होल्ट' एवढेच वाचून आनंदित झालेल्या कित्येकांनी पुढचा '४०० सायकल' हा शब्दप्रयोग दुर्लक्षिला असणार.

ब्रिटनमध्ये तर काहींनी रडारमधील व्हीसीआर ९७ ही सहा इंची ऋणकिरण नलिका घेऊन घरच्या घरी दूरचित्रवाणी संच बांधले. त्यांवर चित्र हिरवे दिसे. या नलिकेला दोन हजार व्होल्टपेक्षा अधिक दाब लागे आणि तो पुष्कळदा थेट ५० सायकलच्या ट्रान्सफॉर्मरमधून घेतला जाई. अशा पुरवठ्याचा स्पर्श बहुधा शेवटचाच ठरतो. तरीही हे संच बांधले गेले.

परित्यक्त यंत्रांचे नवे अर्थ

रूपांतराने यंत्राचा उपयोग बदलला, एवढेच सांगून थांबणे अपुरे होईल. बीसी-४५३ चे उदाहरण येथे बोलके आहे. विमानात ते दिशादर्शक संकेत ऐकण्यासाठी होते. त्याची मध्यम वारंवारता ८५ किलोसायकल इतकी कमी असल्यामुळे जवळजवळच्या संकेतांना वेगळे करण्याची त्याची क्षमता असामान्य होती. हौशी चालकांनी आपल्या मोठ्या ग्राहकयंत्रातील ४५५ किलोसायकलचा संकेत काढून तो या छोट्या यंत्राला दिला, आणि गर्दीच्या पट्ट्यातही स्पष्ट ऐकू येऊ लागले. या जोडयंत्राला त्यांनी 'क्यू-फायव्हर' असे लाडके नाव दिले. आकल्पकाच्या मनात नसलेला हा उपयोग होता. मात्र त्यासाठी पाठीवरचा डायनामोटर जाऊन तेथे गुणगुण न करणारा पुरवठा येणे आवश्यक होते.

विज्ञानसंस्थांनाही या मालाचा लाभ झाला. मँचेस्टर विद्यापीठाचे बर्नार्ड लोव्हेल यांनी सैन्याची रडारयंत्रणा मिळवली. परंतु शहरातील विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे तिच्यात इतका व्यत्यय येई की डिसेंबर १९४५ मध्ये त्यांनी ती विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या जॉड्रेल बँक येथील जागेत हलवली आणि डिझेल जनित्रावर चालवली. तेथील रेडिओ खगोलशास्त्राच्या कीर्तीचा आरंभ असा विजेच्या प्रश्नाशी निगडित आहे. आपल्याकडे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ च्या सुमारास जो अनुरूप संगणक उभारला, त्यासाठीही युद्धोत्तर डिस्पोजलमधील सुटे भाग कामी आले.

भारतीय संदर्भ

भारतातील परिस्थिती दोन बाबतींत वेगळी होती. पहिली बाब राज्यसत्तेच्या संशयाची. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासही परवाना आवश्यक केला होता. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले आणि प्रक्षेपक जमा करण्याचे आदेश निघाले. तरीही ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'काँग्रेस रेडिओ' हे गुप्त केंद्र जागा बदलत बदलत चालवले. प्रक्षेपक जोडण्याची विद्या तंत्रज्ञांच्या हाती होती आणि ती जप्त करता येत नव्हती, हे ब्रिटिश सत्तेला तेव्हा उमगले. स्वातंत्र्यानंतर हौशी रेडिओला पुन्हा वाट मिळाली. १९४८ मध्ये महू येथील लष्करी संदेशवहन विद्यालयात हौशी रेडिओ मंडळाची स्थापना झाली आणि १९५४ मध्ये त्याचे 'ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' असे नामकरण होऊन कार्यालय दिल्लीस गेले. हौशी मंडळाचा जन्म लष्कराच्या शाळेत व्हावा, ही घटना लक्षणीय आहे.

दुसरी बाब साहित्याच्या टंचाईची. चीन-ब्रह्मदेश-भारत या रणक्षेत्रासाठी आलेले अमेरिकी साहित्य युद्धाअखेर येथेच पडून होते. १९४६ मध्ये झालेल्या हिशेबपूर्तीच्या करारानंतर ते भारत सरकारकडे आले, आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग मराठीतही रुळला. आयातीवरील निर्बंध व जबर जकात यांमुळे पुढील तीन दशके भारतीय हौशी चालकाची भिस्त घरी बांधलेल्या यंत्रांवर आणि या युद्धकालीन मालावरच राहिली. १९८४ मध्ये बिनतारी उपकरणांवरील आयातशुल्क माफ होईपर्यंत ही अवस्था फारशी बदलली नाही. स्वतः परवानाधारक हौशी चालक असलेले राजीव गांधी तेव्हा पंतप्रधान होते, हा योगायोग नव्हे.

येथे विजेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. अमेरिकी मार्गदर्शनातील आकडे ११५ व्होल्ट व ६० सायकल यांसाठी होते. येथे २३० व्होल्ट व ५० सायकल. अमेरिकी ट्रान्सफॉर्मर दाब उतरवून चालवला तरी कमी वारंवारतेमुळे तो अधिक तापे. कोलकात्याच्या काही भागांत तर घरगुती वीजच एकदिश होती. तेथे ट्रान्सफॉर्मरचा उपयोगच नव्हता. आणि शहराबाहेर वीज नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता सुमारे १,३६० मेगावॅट होती. अशा ठिकाणी जो डायनामोटर न्यूयॉर्कच्या हौशी माणसाने फेकून दिला, तोच खरे तर सर्वांत योग्य वीजपुरवठा ठरला असता. १२ व्होल्टवर चालणारा नंबर १९ संच मोटारीच्या बॅटरीवर कोठेही उभा करता येत होता. रूपांतराच्या साहित्यात डायनामोटरला केवळ अडगळ मानले आहे. हे मत विजेची तार भिंतीत असणाऱ्या समाजाचे मत आहे, आणि ते आपण जसेच्या तसे स्वीकारण्याचे कारण नाही.

मोडतोड की दस्तऐवज?

आता मूळ आक्षेपाकडे वळता येईल. जुन्या लष्करी रेडिओंचे संग्राहक आज रूपांतरित यंत्रांकडे नाराजीने पाहतात, आणि त्यांची नाराजी निराधार नाही. कमांड सेट वैमानिकाला दुरून नियंत्रित करता यावा म्हणून त्याच्या पुढच्या बाजूला आवाजाचे बटणही नव्हते. हौशी मंडळींनी तेथे भोके पाडून बटणे बसवली. पाठीवरचे भाग उपटले. परिणामी अस्पर्शित यंत्रे दुर्मीळ झाली, आणि चालू स्थितीतील डायनामोटर त्यांहून दुर्मीळ. युद्धकालीन विमानातील विद्युत् रचना प्रत्यक्ष यंत्रावरून अभ्यासू पाहणाऱ्याचे हे नुकसान खरे आहे.

परंतु 'मूळ स्थिती' हाच एकमेव प्रामाणिक काळ मानणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. विमानात या यंत्राचे आयुष्य फार तर दोन-तीन वर्षांचे होते. हौशी माणसाच्या टेबलावर किंवा प्रयोगशाळेत ते वीस-पंचवीस वर्षे चालले. जुन्या हस्तलिखिताच्या समासातील नंतरच्या हातांच्या टिपा आपण खोडून काढत नाही. उलट त्यांवरून वाचकांचा इतिहास लिहितो. चासीवरील डाखाचे ठिपके याच प्रकारचे पुरावे आहेत. लिखित साधनांत या माणसांची नावे नाहीत. त्यांचे ज्ञान, त्यांच्या चुका आणि त्यांची काटकसर मात्र तारांमध्ये शिल्लक आहे.

समितीसमोर हा मुद्दा मांडण्यापूर्वी ती पेटी टेबलावर उलटी ठेवून तपासली. वीज अर्थातच जोडली नाही. सत्तर वर्षांपूर्वीचे कंडेन्सर सुकलेले असतात आणि अशा यंत्राला एकदम वीज देणे म्हणजे ट्रान्सफॉर्मर जाळणे होय. केवळ भिंगाने आणि ओहममापकाने पाहिले. सहाही तापक समांतर जोडलेले होते. १२.६ व्होल्टसाठी दोन वेटोळी एकसरीत होती, आणि त्यांतील एका वेटोळ्याची टोके एकदा डाखून, सोडवून, उलट बाजूने पुन्हा डाखलेली दिसत होती. कोणीतरी आधी शून्य व्होल्ट मिळवले होते. ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक बाजू २३० व्होल्टची, हाताने गुंडाळलेली; वेटोळ्यावरील कागद वहीचा होता आणि त्यावर पेन्सिलीने फेऱ्यांची संख्या मोजल्याच्या पाच-पाच रेघांच्या जुड्या होत्या. निचऱ्याचा प्रतिरोधक जागेवर होता. उघड्या पेटीला मात्र एक जाड हिरवी तार जोडून ती भूसंपर्कासाठी बाहेर काढलेली होती, आणि तिच्या टोकाशी नळाला आवळण्याची पितळी पट्टी तशीच लटकत होती.

समितीच्या दुसऱ्या बैठकीत बरीच चर्चा झाली. एका सदस्याने मूळ डायनामोटर मिळवून यंत्र पूर्ववत करावे असे सुचवले; तो सापडणे कठीण आणि सापडला तर ट्रान्सफॉर्मर काढावा लागेल, म्हणून ती सूचना मागे पडली. वस्तू निर्लेखनाच्या यादीतून वगळण्यात आली. रजिस्टरमधील नोंद दुरुस्त करताना लिपिकाने विचारले की ट्रान्सफॉर्मर वेगळा नग धरायचा की कसे. आता तेथे असे लिहिले आहे : 'रेडिओ ग्राहकयंत्र बीसी-४५५, विमानातील, स्थानिक बनावटीच्या वीजपुरवठ्यासह, नग १. जोड वेगळा करू नये.'